सरकार इचारतंय

आक्काचा सुपातला हात थांबला की समजायचं, गल्लीत कुणीतरी अनोळखी शिरलंय.

ती ओट्यावर बसलेली असायची. मांडीवर सूप, सुपात ज्वारी, बोटं खडे वेचत असायची आणि नजर रस्त्यावर. माणूस समोर आला की हात थांबायचा आणि तीन प्रश्न यायचे. "कोन हाय? कुठून आला? कुठं जानार?" उत्तर मिळेपर्यंत हात पुन्हा हलायचा नाही.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. आमच्या आक्काचं वेगळेपण असं की उत्तर मिळालं तरी तिचं समाधान व्हायचं नाही. वीजमीटर वाचायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र ती आधी स्वतः वाचायची, मग ते हातात धरून त्यालाच नाव विचारायची. दोन्ही जुळलं तरी म्हणायची, "फोटूत मिशा हायेत. तुला कुठं हायेत?"

आमचं घर तिच्या समोर. मी मिरजगावहून एसटीने कर्जतला कॉलेजला जायचे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे मलाच माझ्या जाण्या-येण्याची खात्री वाटत नसे. आक्काला तर मुळीच वाटत नसे. एकदा दुपारचे तास झाले नाहीत म्हणून मी लवकर परतले. हात थांबला.

"आज लवकर कशी? कालेज बंद हाय, का तू बंद केलं?"

"तास न्हाई झाले, आक्का."

"मास्तर आजारी हाय का?"

"व्हय."

"काय झालंय त्यानला?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सरांना खरंच विचारलं आणि संध्याकाळी आक्काला सांगितलं, दाढ दुखत होती. तेव्हा कुठे तिने मान हलवली.

आक्का अंगणवाडीत मदतनीस होती, निवृत्त होईपर्यंत. अंगणवाडीच्या बाईंबरोबर घरोघर पाहणीला जायची. त्या फिरण्यात तिने एक गोष्ट हेरली होती आणि ती मला पुन्हा पुन्हा सांगायची. शेजारणीने विचारलं तर घरातली बाई म्हणते, सगळं बरं हाय. पण बाईंनी मोठी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, सरकारला पाहिजे, की तीच बाई पदर नीट करून बसते आणि खरं सांगायला लागते. लेकरू रात्री उपाशी झोपलं इथपासून ते नवरा मारतो इथपर्यंत. "मला इचारलं तर खोटं. वहीला इचारलं तर खरं," आक्का म्हणायची. हे ती कौतुकाने म्हणायची की रागाने, मला कधी कळलं नाही.

तिला एकच मुलगा, मिलिंद. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो जर्मनीला शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि तिथल्याच मुलीशी त्याने नोंदणी पद्धतीने लग्न केलं. लग्न आक्काने मोबाईलवर पाहिलं. वस्तीतल्या बायकांनी विचारलं, सून कुठली? आक्का म्हणाली, "जर्मनची. माझ्या सासूनं मला जर्मनची तीन पातेली दिलीती. तिन्हींना पोचे पडले. आता ही किती टिकती बघू."

पण दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा ती ताट घेऊन मोबाईलपुढे बसायची. भाकरी, पिठलं, जे काही असेल ते एकेक उचलून सुनेला दाखवायची. सून तिकडून तिचं ताट दाखवायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे एवढंच चालायचं. पुढे कॉलवर फक्त मिलिंद दिसायला लागला. सून कुठंय? कामावर गेली. पुढच्या रविवारी, कामावर गेली. आक्का फोन ठेवून मला म्हणायची, "ऐतवारी कसलं काम आसतं गं? तिकडं ऐतवार नसतो का?"

आणि मग दिवाळीनंतर सून स्वतःच आली. एकटी.

क्लारा नाव तिचं. पाठीवर मोठी पिशवी, उन्हाने लाल झालेलं नाक. नगरहून आलेल्या एसटीतून उतरली आणि मोबाईलवर आक्काचा फोटो दाखवत घर शोधत आली. आक्काचा हात सुपात थांबला. तिने ओळखलं होतं, तरी कुणाही अनोळखी माणसाला विचारायची तसंच विचारलं, मला, माझ्या आईला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "कोन हाय? कुठून आली? कुठं जानार?" क्लाराने हात जोडले आणि पाठ करून आणलेला एकच शब्द म्हणाली, "जयभीम."

आक्काने तिला पाणी दिलं, घरात घेतलं. पण बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "एकटीच का आली? मिलिंद फोन उचलंना. काय तरी हाय."

त्याच संध्याकाळी पोलीस पाटील आले. त्यांना बातमी लागली होती.

"आक्का, पाहुनी परदेशी हाय. चोवीस तासांत ऑनलाइन नोंद करावी लागती."

"परदेशी कोन? सून हाय माझी."

"पासपोर्ट तिकडचा हाय ना?"

"आसंल. पाय तर माझ्या घरात हायेत."

"नियम हाय, आक्का. हाटेल आसू द्या न्हाईतर घर, ज्याच्याकडं उतरली त्यानं सांगायचं. कोन हाय, कुठून आली, किती दिवस ऱ्हानार, फुडं कुठं जानार."

आक्काने माझ्याकडे पाहिलं. मग पाटलांकडे. "म्हंजी सरकारबी हेच इचारतं व्हय?" आणि तिने एकदा गल्लीवरून अशी नजर फिरवली, जणू इतकी वर्षं तिला हसणाऱ्या सगळ्यांची तिने नोंद करून घेतली.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. मोबाईल माझा आणि इंग्रजीही माझंच, म्हणजे जेवढं होतं तेवढं. कॉलेजात मी इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचे. क्लाराचं इंग्रजीही शिकलेलं होतं, तीही शब्द शोधत बोलायची. त्यामुळे आमचं बरं जमलं.

आधी घराची नोंद, मग पाहुणीची. आम्ही तिघी ओट्यावर. पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर, भारतात कधी उतरली. भिंतीपुढे उभं करून मी तिचा फोटो काढला. आक्का पासपोर्ट हातात घेऊन फोटो आणि चेहरा आलटून पालटून पाहत होती. मुक्काम किती दिवस? दहा, क्लारा म्हणाली. येण्याचा हेतू? मी यादीतून निवडलं, नातेवाइकांची भेट.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "इचार तिला, खायाला काय लागतं?"

"आक्का, हे न्हाई फारमात."

"तिला काय म्हाईत? सरकार इचारतंय म्हन."

मी घाबरत घाबरत म्हणाले, सरकार विचारतंय, तुम्ही काय खाता? क्लारा सरळ बसली. अगदी आक्का सांगायची तशी, पदर नसला तरी ओढणी नीट केली आणि उत्तर दिलं. सगळं खाते, तिखट कमी.

आक्काने माझ्या गुडघ्याला कोपर मारलं. बघ, असा अर्थ. मग म्हणाली, "आता इचार. नवरा का आला न्हाई?"

मी विचारलं. सरकार विचारतंय. क्लाराने माझ्या मोबाईलच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो कामात आहे," ती म्हणाली.

आक्काचा हात सुपात नव्हताच, पण तो मांडीवर थांबला. "खोटं बोलती," ती मराठीत म्हणाली, अगदी हसऱ्या चेहऱ्याने, क्लाराला वाटावं की ती तिचं कौतुकच करते आहे.

नोंद झाली. मी पावतीची प्रत काढून आणली, ती आक्काने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. मला वाटलं संपलं. पण दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर आक्काने ओट्यावर चटई टाकून ठेवली होती.

"मोबाईल आन. कालचा फारम अपुरा ऱ्हायलाय म्हन तिला."

असं रोज सुरू झालं. सरकारला रोज नवं काहीतरी विचारायचं असे. आई काय करती? घरात सैपाक कोन करतं? भांडी कोन घासतं? मिलिंदने घासली तर सरकारला चालतं का? बायका जमायच्या, एकदोघींनी आपलेही प्रश्न सरकारच्या नावावर घुसवले. एकीने विचारलं, तिकडं सासूला काय म्हनतात? हसाहस व्हायची. क्लारा प्रत्येक प्रश्नाला विचार करून उत्तर द्यायची. दिवसभर ती आक्काबरोबर असायची, भाकरी थापायला शिकायची, नळाला पाणी आलं की कळशा भरायची. मला रात्री झोप लागत नसे. एका सरळ माणसाला मी सरकारच्या नावाने फसवत होते, आणि मी शिकलेली होते.

पाचव्या दिवशी आक्काने विचारलं, "त्याला हिवाळ्यात खोकला येतो. औंदा कसा हाय, इचार."

क्लारा बराच वेळ बोलली. हळू, एकेक शब्द ठेवत. मार्चपर्यंत त्याला खोकला नव्हता. नंतरचं मला माहीत नाही. मार्चपासून मी त्याला पाहिलेलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आक्काकडे नाही.

मला सगळं समजलं. निदान समजायला हवं तेवढं समजलं. आक्का वाट पाहत होती.

"बराय म्हनती," मी म्हणाले.

आक्काने डोळे बारीक केले. "एवढं लांब बोलली ती. अन् तू दोन शब्दांत आटपलं?"

"इंग्रजी लांब आसतं, आक्का."

"आस्सं." तिने सूप ओढून घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की तिच्या लेखी आता मीही अनोळखी आहे. मी घरी निघाले तर मागून आवाज आला, "कालेजवाले, सरकारला कमी सांगितलं तर चालंल. मला कमी सांगू नको."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. क्लारा दुकानातून साखर आणायला निघाली आणि मला बरोबर चल म्हणाली. वाटेत ती म्हणाली, "सरकार खोकल्याबद्दल विचारत नाही. मला माहीत आहे."

मला रडू यायला लागलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, माफी कसली. आमच्याकडेही नाव नोंदवावं लागतं. मिलिंद माझ्या घरी राहायला आला तेव्हा मीच त्याला नगरपालिकेच्या कचेरीत घेऊन गेले होते. तिथल्या बाईने सगळं विचारलं, कुठून आला, कुणाकडे राहणार. मग त्याचं नाव माझ्या दारावर लागलं. मार्चमध्ये त्याने ते काढलं आणि दुसऱ्या पत्त्यावर नोंदवलं. भांडून नाही. पण आम्ही वेगळे झालो.

"आक्काला त्यानं का न्हाई सांगितलं?" मी मराठीतच विचारलं, आणि मग इंग्रजीत.

"सांगतो म्हणाला होता. दर रविवारी मला फोनवर म्हणायचा, पुढच्या रविवारी सांगतो. आणि त्यांना सांगायचा की मी कामावर गेले." ती पुढे म्हणाली, "मी रविवारी कामावर जात नाही. मी घरीच असायचे. जेवायला बसले की वाटायचं, तिकडे कुणीतरी ताट घेऊन माझी वाट बघतंय आणि माझ्याबद्दल खोटं ऐकतंय."

म्हणून ती सांगायला आली होती. विमानाने, मग दोन एसटी बदलून. आणि इथे आल्यावर तिच्या लक्षात आलं की सांगायला भाषाच नाही. जी होती ती माझ्यातून जात होती, आणि मी ती कापत होते.

"तू सांगशील का त्यांना?" ती म्हणाली.

मी नाही म्हणाले. मला जमणार नाही, मी लहान आहे, मी शेजारची आहे. जेवढी कारणं इंग्रजीत येत होती तेवढी सगळी दिली. दुकान आलं, साखर घेतली, परत फिरलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "मग मला तू विचार. सरकार विचारतंय म्हणून विचार."

संध्याकाळी चटई टाकलेली होती. त्या दिवशी बायका नव्हत्या, कुठेतरी बारसं होतं. आक्का ज्वारी निवडत होती. मी मोबाईल काढला, पडदा उघडला आणि आक्काने काही सांगायच्या आत म्हणाले, "सरकार इचारतंय, नवरा कुठं ऱ्हातो?" आधी मराठीत, मग इंग्रजीत.

आक्काचा हात थांबला.

क्लाराने सांगितलं. एक वाक्य झालं की ती थांबायची, मी ते मराठीत करायचे, मग पुढचं. पत्ता. मार्च. दारावरचं नाव. रविवार. ताट. मी एकही शब्द कमी केला नाही. जिथे शब्द सापडला नाही तिथे दोन वापरले. आक्काने मध्ये काहीच विचारलं नाही. इतक्या वर्षांत मी तिला इतका वेळ काही न विचारता बसलेलं पाहिलं नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "हे मिलिंदनं मला का न्हाई सांगितलं?"

मी क्लाराला विचारलं. "भीती वाटली असेल," क्लारा म्हणाली.

"माजी?"

याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. क्लाराने मान हलवली. हो.

 आक्काने सुपातले दोन खडे वेचले, ओट्याखाली टाकले. "हे फारमात लिवलंस का?"

"न्हाई आक्का. तसा रकानाच न्हाई."

"हेतू काय लिवलाय?"

"नातेवाइकांची भेट."

मला वाटलं ती आता म्हणेल, खोड. पोलीस पाटलांना कळवावं लागेल का, पुन्हा भरावा लागेल का, माझ्या डोक्यात सगळं फिरायला लागलं. "बदलू का?" मी विचारलं.

"सरकारला सारखा सारखा कशाला तरास. ऱ्हाऊ दी तसंच." मग ज्वारी सारखी करत, "मुक्काम किती लिवलाय?"

"दहा दिवस."

"वाढीवता येतो का, बघ."

दहाचे एकवीस दिवस झाले. त्या दिवसांत सरकारने काहीही विचारलं नाही आणि मिलिंदचा रविवारचा फोनही आला नाही. मी संध्याकाळी आले की दोघी ओट्यावर बसलेल्या असायच्या, सूप क्लाराच्या मांडीवर असायचं आणि आक्का तिने वेचलेल्या सुपात पुन्हा खडे शोधायची. विश्वास नव्हता. "हिला खडा अन् दाना सारखाच दिसतो," मला म्हणायची. तिच्या तोंडावर मात्र, "लई भारी."

क्लारा गेली त्या दिवशी आक्का एसटी स्टँडवर आली होती. गाडी लागली तेव्हा तिने कंडक्टरला विचारलं, कुठली गाडी, कुठून आली, कुठं जानार. त्याने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिने पाटी वाचून घेतली, मला वाचायला लावली, मग क्लाराला चढू दिलं.

पुढच्या रविवारी मिलिंदचा फोन आला. मी तिथेच होते. आक्काने फोन उचलला, त्याचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "कोन हाय?" तो हसला. "कुठून बोलतोय?" त्याचं हसू थांबलं. आक्का वाट बघत होती. मग तो नव्या पत्त्याबद्दल बोलायला लागला, आणि मी उठून घरी आले.

गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली. दोन दिवसांचा ताप. मिलिंद तिसऱ्या दिवशी पोचला, संध्याकाळी एकटाच ओट्यावर बसला होता. गल्लीतून माणसं येत-जात होती. त्याला कुणी काही विचारलं नाही. त्यानेही कुणाला विचारलं नाही. आठवड्याने तो घराला कुलूप लावून गेला. किल्ली आमच्याकडे आहे.

मी आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपारी लवकर सुटले तर मी सरळ घरात येते, कुणाला कारण सांगावं लागत नाही. तरी पाय ओट्यासमोर हळू होतात. तास का झाला नाही हे मी अजूनही कॉलेजातून विचारूनच येते.

या हिवाळ्यात क्लारा पुन्हा आली. आमच्याच घरी उतरली. चोवीस तासांत नोंद करायची म्हणून आम्ही दोघी आक्काच्या ओट्यावर जाऊन बसलो, कारण रेंज तिथे चांगली येते. तसं आमच्या दारातही येते. यजमान म्हणून आईचं नाव घातलं. पासपोर्ट, व्हिसा, मुक्काम. पुढे कुठे जाणार. हेतूच्या रकान्यापाशी मी तिला विचारलं नाही. नातेवाइकांची भेट, असं लिहिलं.

दहा मिनिटांत फॉर्म गेला. क्लारा ओढणी सारखी करून, सरळ बसून होती.

"झालं?" तिने मराठीत विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले. तरी ती उठली नाही. मीही नाही.